हॅरी बर्टोया यांची डायमंड खुर्ची

शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी नोल कंपनीसाठी घडवलेली, १९५२ साली बाजारात आलेली डायमंड खुर्ची आधी रिकामी असतानाच नीट पाहावी. कारण वेल्ड केलेल्या पोलादी सळ्यांची ती वाकवलेली जाळी प्रकाश अडवत नाही, तिच्यातून मागची भिंत दिसत राहते, आणि आपण वस्तू पाहतो आहोत की तिने वेढलेली मोकळी जागा, हेच क्षणभर कळत नाही. आपल्या खुर्च्या मुख्यतः हवेच्याच बनलेल्या आहेत, असे बर्टोया म्हणत. (याच खुर्च्यांच्या यशामुळे त्यांना पुढे पूर्णवेळ शिल्पकलेकडे वळता आले, याचा मला विशेष आनंद वाटतो.) बैठक खोल आणि मागे कललेली असल्यामुळे ती लेखनाच्या टेबलापेक्षा निवांत वाचनासाठी अधिक योग्य आहे, दीर्घकाळ बसायचे असल्यास गादी अवश्य घ्यावी.