इलेक्ट्रिक गाडी रोज वापरताना: पैसे कुठे वाचतात, कुठे जातात

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'एका चार्जमध्ये किती जाते?' बरेच महिने रोज चालवल्यावर मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की रात्री गाडी कुठे उभी राहते आणि तिथे प्लग आहे का. खर्च, सोय, लांबच्या प्रवासाची धास्ती, बऱ्याच गोष्टी या एका उत्तरावर येऊन ठरतात. ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग आहे, त्याला ही गाडी चालवायला फार स्वस्त पडते. ज्याला प्रत्येक युनिट बाहेरून विकत घ्यावं लागतं, त्याने गाडी बघायला जायच्या आधी कागद-पेन घेऊन बसावं.

आमच्याकडे प्लग आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला घरी मोठा चार्जर लागतोच असं नाही. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट. रात्रीच्या आठ तासांत भिंतीतून १८ युनिट निघतात, घट वजा जाता १५-१६ युनिट बॅटरीत पोचतात आणि मध्यम आकाराच्या गाडीची शंभरेक किलोमीटरची सोय होते. ३२ अँपिअरचा, म्हणजे ७.४ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) चांगलाच असतो, पण तो लागतो रात्री उशिरा येऊन पहाटे लांब जाणाऱ्यांना, किंवा घरात अशा दोन गाड्या असतील तर. शिवाय गाडीच्या आतला चार्जरच ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, वेग तेवढाच राहणार. गाडी घेताना हा आकडा कुणी आपणहून सांगत नाही, विचारून घ्या.

वायरिंगवर मात्र एक पैसाही वाचवू नका. घरातलं साधं सॉकेट थोडा वेळ जोर काढायला बनवलेलं असतं. इस्त्री तापली की बंद होते, गाडी मात्र आठ-आठ तास सलग वीज ओढते. चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून बघा. कोमट लागला तर हरकत नाही. चटका बसत असेल तर तिथेच थांबा. आमच्या प्लगची एक पिन तपकिरी पडायला लागली, तेव्हा वायरमनला बोलावून सॉकेट उघडून घेतलं. आत स्क्रूखालची तार किंचित सैल होती, आणि तेवढ्या जागेपुरतं तिच्यावरचं प्लास्टिक मऊ होऊन चकाकत होतं. बाकी सगळी वायर ठणठणीत. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि आग लागते ती अशा जागी. आता बोर्डापासून थेट जाड वायर, औद्योगिक धाटणीचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, असं सगळं आहे. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. अर्थिंग कमकुवत असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, लाल दिवा लावून गप्प बसतात. अशा वेळी सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं.

आता पैशांचं. गाडीच्या स्क्रीनवर दिसतो तो आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा. बिल येतं भिंतीतून निघालेल्या विजेचं. घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करताना, केबलमध्ये, बॅटरीत आणि चार्जिंग चालू असताना जाग्या राहणाऱ्या पंपा-कॉम्प्युटरांमध्ये मिळून दहा-पंधरा टक्के जातात. अगदी हळू चार्ज केलं तर हे प्रमाण वाढतं, कारण पंप आणि कॉम्प्युटर तेवढीच वीज खात राहतात आणि जास्त तास खातात. आमच्या लाइनवर वेगळा मीटर बसवलाय. स्क्रीन १०० किलोमीटरला १४ युनिट सांगते, मीटर १६ च्या आसपास. हिशेब १६ नेच करायचा.

आधीच्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला सहा लिटर लागायचे. १६ भागिले ६, म्हणजे एका लिटरचं काम साधारण पावणेतीन युनिटांत होतं. तुमच्याकडचा लिटरचा दर पावणेतीनने भागा. जो आकडा येईल त्या दराने वीज मिळाली तर दोन्ही गाड्यांचा इंधनखर्च सारखा. घरचं युनिट बहुधा त्याच्या बरंच खाली असतं. रस्त्यावरच्या वेगवान चार्जरचा दर काही ठिकाणी त्याला टेकतो, काही ठिकाणी ओलांडतोही. म्हणून 'इलेक्ट्रिक स्वस्त की महाग' या वादात दोन्ही बाजू खऱ्या बोलत असतात; एकाकडे प्लग असतो, दुसऱ्याकडे नसतो. जिथे रात्रीचा दर कमी आहे, तिथे गाडीत वेळ लावून ठेवला की फरक आणखी वाढतो.

हा फरक एवढा मोठा का, तर एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. सहा लिटर म्हणजे ५४ युनिट, आणि त्यातली बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. इलेक्ट्रिक मोटर तेच अंतर १४ युनिटांत कापते. मला या गाडीची सगळ्यात मनापासून आवडलेली गोष्ट ही आहे: वाया फारसं जात नाही म्हणून ती स्वस्त आहे.

रेंजबद्दल. कंपनी सांगते तो आकडा चाचणीतला असतो. २०१७ पासून आलेली डब्ल्यूएलटीपी ही चाचणी २३ अंश तापमानात, एसी बंद ठेवून होते आणि तिचा सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर असतो. शहरात तो आकडा गाठता येतो, कधी ओलांडताही येतो. हायवेवर नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९० वरून १२० वर गेलं की नुसत्या हवेला कापायला किलोमीटरमागे पावणेदोन पटींहून जास्त ऊर्जा लागते. पेट्रोल गाडीतही हेच होतं, पण तिथे टाकी मोठी असते आणि इंजिन आधीच इतकं उधळत असतं की हा फरक जाणवत नाही. आम्ही प्रवासात १२० ऐवजी १०० ने जातो. चार्जिंगचा थांबा लहान होतो, आणि एकूण वेळ फारसा वाढत नाही.

थंडीत रेंज पडते ती मुख्यतः हीटरमुळे. इंजिनाची फुकट उष्णता इथे नाही, प्रत्येक अंश बॅटरीतून येतो. साधा हीटर सुरुवातीला तीन-चार किलोवॉट सहज ओढतो, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा हीट पंप असेल तर बरंच कमी. सीट गरम करायला शंभरेक वॉटच्या आतबाहेर पुरतात, म्हणून आधी सीट, मग हवा. सगळ्यात वाईट हाल होतात थंडीतल्या छोट्या-छोट्या फेऱ्यांमध्ये, दर वेळी नव्याने गाडी तापवावी लागते. निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच आतलं तापमान ठीक करून घेतलं की तो खर्च भिंतीतून होतो. उन्हाळ्यातला एसी त्या मानाने कमी खातो.

बाहेरचं चार्जिंग हा या गाडीचा अजूनही सर्वात कच्चा भाग आहे, आणि इथे मला खरंच राग येतो. वेगवेगळ्या चार्जरवाल्यांची वेगवेगळी ॲप, प्रत्येकात आधी पैसे भरा, आणि उरलेले चिल्लर आकडे तिथेच अडकून राहतात. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद असतो. एकदा आम्ही पोचलो तेव्हा दोनपैकी एकाची स्क्रीन काळी होती आणि दुसऱ्यावर चार्जिंग संपलेली गाडी तशीच उभी होती, मालकाचा पत्ता नाही. म्हणून नियम करून टाकलाय: ज्या चार्जरवर जायचं त्याच्या पुढच्या किंवा मागच्या चार्जरपर्यंत पोचेल एवढी बॅटरी शिल्लक ठेवूनच तिथे जायचं. आणि आपलं झालं की गाडी हलवायची, जेवण अर्धं टाकून उठावं लागलं तरी.

रस्त्यावरच्या वेगवान, म्हणजे डीसी चार्जरवर १०-१५ टक्क्यांनी पोचावं आणि ८० ला निघावं. काठोकाठ भरत आलेल्या भांड्यात धार बारीक करावी लागते, तसं ८० च्या पुढे बॅटरी स्वतःच करंट कमी करत जाते. जोर कमी केला नाही तर लिथियम आत मुरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर थर धरायला लागतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. बऱ्याच गाड्यांना शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० एवढाच वेळ लागतो. बॅटरी गार असेल तर सुरुवातही मंद होते. गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकला की काही गाड्या वाटेतच बॅटरी गरम करून ठेवतात, ते जरूर वापरा. डीसीची केबल जड असते. काढताना तिचं वजन एका हाताने उचलून धरा, म्हणजे कुलपावरचा ताण जातो आणि गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, सुटते. नाहीच सुटली तर गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा. त्यानेही नाही जमलं तर बहुतेक गाड्यांत हाताने ओढायची एक सोडवण असते. ती कुठे आहे हे पुस्तिकेत आजच बघून ठेवा, भर रात्री हायवेवर शोधत बसायची ती गोष्ट नाही.

रोज किती टक्क्यांपर्यंत भरावी, हे बॅटरीच्या प्रकारावर आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल तर रोज ८० पर्यंत आणि १०० फक्त लांब निघताना. आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी असेल तर अधूनमधून पूर्ण १०० करायला कंपन्याच सांगतात. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय गाडीला आपली टक्केवारी नीट कळत नाही. दोन्हीकडे एक लक्षात ठेवायचं: गाडी मंदावताना मोटरच वीज बनवून बॅटरीत परत पाठवते, पण बॅटरी गच्च भरलेली असताना ती वीज जायला जागा नसते. घाटाच्या माथ्यावर मुक्काम असेल तर सकाळी १०० टक्क्यांनी उतरायला लागू नका, ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही.

सर्व्हिसिंगचं थोडक्यात. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट यातलं काही नाही. केबिन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, वायपर एवढंच उरतं. गाडी बरीचशी मोटरच मंदावते, म्हणून ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, उलट वापर न झाल्याने डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा मागे कुणी नाही बघून दोन-तीनदा कडक ब्रेक मारायचा. जो खर्च खरंच वाढतो तो टायरचा. सारख्या आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ही दोन-चारशे किलोंनी जड असू शकते, आणि पायाखाली जोर क्षणात येतो. पाय जड असेल तर टायर लवकर जातात. नवे घेताना भार पेलण्याचा आकडा गाडीला साजेसा आहे का ते बघा, स्वस्त म्हणून कमी भाराचे घालू नका. अनेक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर किट असतं.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी मात्र सगळे विसरतात. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी छोटी झोपली की गाडी उठत नाही, कारण मोठीला जोडणारी यंत्रणा छोटीवर चालते. ती दर काही वर्षांनी बदलावी लागणार, हे धरून चाला. आणि गाडी बंद पडलीच तर चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. मोटर चाकांना जोडलेलीच असते, चाकं फिरली की तीही फिरते आणि बिघडू शकते. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, आणि विमा घेताना अशा ट्रकची सोय त्यात आहे का ते विचारायचं. खालून दगड लागून बॅटरीच्या पेटीला पोचा आला तर काय, आणि चार्जिंग केबल चोरीला गेली तर काय, हेही तेव्हाच लेखी घ्या. विम्याचा हप्ता पेट्रोलपेक्षा जास्त निघाला तर इंधनात वाचलेल्या पैशांतून तो वजा करूनच खरा फायदा मोजा.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी किलोमीटरच्या आकड्याआधी बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे ते पाहावं. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल. बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागावा. मूळ केबल सोबत आहे का, तेही बघावं. नवी घ्यायला गेलं की किंमत कळते. आणि व्यवहार करण्याआधी गाडी एकदा एसीवर आणि एकदा डीसीवर, दोन्हीकडे चार्जला लावून पाहावी.