माचा आवडत नाही म्हणणाऱ्यांनी आधी रंग बघा (उजीच्या ३० ग्रॅमच्या डबीचा रिव्ह्यू)

जवळजवळ वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की मला माचा (पाण्यात घुसळून प्यायची जपानी चहाची हिरवी पूड) आवडत नाही, कारण पहिलं पाकीट आणलं तेच वाईट निघालं. ब्रँडचं नाव लिहीत नाही. १०० ग्रॅमचं झिपलॉक पाऊच होतं, समोर मोठ्या अक्षरात ‘सेरेमोनिअल ग्रेड’, म्हणजे नुसता प्यायचा उंची दर्जा, आणि मागे ना पानं कुठली त्याचा पत्ता ना कधीची ते लिहिलेलं. उघडलं तर वाळलेल्या गवतासारखा पिवळट रंग, वासही तसाच, त्यात मी उकळतं पाणी ओतून चमच्याने ढवळलं, मग काय, वर गुठळ्या, खाली गाळ, आणि एका घोटात जीभ टाळूला चिकटली इतकं तुरट. पाकीट तसंच पडून राहिलं.

मग मैत्रिणीने जपानहून येताना उजीची (हे तिथलं चहासाठी प्रसिद्ध ठिकाण) ही छोटी पत्र्याची डबी आणून दिली आणि म्हणाली, ‘आधी दूध घालू नकोस हं, एकदा नुसता पिऊन बघ.’ झाकण काढलं आणि मी थांबलेच. इतका हिरवा रंग मी खायच्या वस्तूत क्वचित बघितलाय, कोवळ्या पालवीसारखा, आणि पूड बोटाच्या चिमटीत धरली तर अगदी वस्त्रगाळ, चोळली की बोटावर हिरवा पट्टा उमटतो, कण असा लागतच नाही.

माचा म्हणजे ग्रीन टीची पूड असं सरसकट म्हणतात, पण कुठलाही ग्रीन टी दळला की माचा होत नाही. तोडणीच्या आधी साधारण २० दिवस किंवा जास्तच, चहाची झाडं झाकून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत. कमी उजेडात पान जास्त क्लोरोफिल तयार करतं म्हणून तो गर्द हिरवा रंग येतो, आणि पानातलं थिअनिन, ज्याच्यामुळे ती गोडसर, उमामी (सूपसारखी भरीव) चव येते, ते उन्हात कॅटेचिनमध्ये बदलतं म्हणजे तुरट होतं, सावलीत ते टिकून राहतं. मग पानं वाफवायची, न वळता वाळवायची, देठ-शिरा काढायच्या, याला तेंचा म्हणतात, आणि हा तेंचा दगडी जात्यावर दळायचा. एका जात्यावर तासाला ३०-४० ग्रॅमच पूड निघते, म्हणजे माझ्या हातातली ही डबी भरायला एक जातं जवळजवळ तासभर फिरलं असणार! कारण वेगाने दळलं तर पूड तापते आणि वास जातो. आता मशिनवर दळलेला माचाही भरपूर मिळतो, तो वाईटच असतो असं नाही.

आणि ते ‘सेरेमोनिअल ग्रेड’ आहे ना, त्याला जपानमध्ये कुठलंही सरकारी प्रमाण नाही, कोणीही छापू शकतं. त्यापेक्षा गाव बघा, उजी, निशिओ, यामे, कागोशिमा असं काही लिहिलंय का, पहिल्या तोडणीचा आहे का, आणि रंग. रंग खोटं बोलत नाही.

आता करायची पद्धत. २ ग्रॅम म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि गाळणीतून चाळायचाच, हे टाळू नका, कारण इतकी बारीक पूड स्वतःच गोळे धरते आणि नंतर कितीही घुसळलं तरी ते फुटत नाहीत. पाणी ६०-७० मिलि, ७५-८० अंशाचं. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर एका कपातून दुसऱ्या कपात ओता, मग तिसऱ्यात, प्रत्येक वेळी ते बऱ्यापैकी निवतं. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, कारण त्या जुन्या पाकिटालासुद्धा मी नंतर कोमट पाणी घालून बघितलं तर निदान पिता आलं. घुसळायला चासेन, म्हणजे बारीक काड्यांची बांबूची छोटी रवी, तो आधी गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवायचा म्हणजे काड्या लवचिक होतात आणि तुटत नाहीत. मग गोल गोल नाही, मनगट सैल सोडून पुढे-मागे भराभर, वाटीच्या तळाला न घासता, १५-२० सेकंदात बारीक फेस धरतो. पहिला घोट किंचित कडू, मग लगेच गोडवा, आणि गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहतो. त्या दिवशी मी वाटी पुसून प्यायले. (चासेन ओला असताना डब्यात बंद करू नका, माझ्या पहिल्या चासेनला बुरशी आली आणि टाकून द्यावा लागला.)

असं पूड घुसळून प्यायची पद्धत मुळात चीनची. एइसाई नावाचा भिक्खू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतला आणि त्याने तिथे चहाचं बी आणि ही पद्धत रुजवली असं मानतात, पुढे चीनमध्ये ती मागे पडली आणि जपानने सांभाळली.

लाटे करायचा तर पूड ३ ग्रॅम घ्या आणि आधी थोड्या पाण्यात नीट घुसळून मगच दूध घाला, थेट दुधात टाकली की फसते. उन्हाळ्यात सगळ्यात सोपं म्हणजे बाटलीत गार पाणी, २ ग्रॅम माचा, झाकण लावून जोरात हलवायचं, गार पाण्यात कडवटपणा फारच कमी उतरतो. व्हॅनिला आइस्क्रीमवर घट्ट माचा ओतून खा, अप्रतिम लागतं. केकसाठी मात्र ही डबी वापरू नका, भट्टीत ही नाजूक चव उरत नाही, त्याला साधा कुलिनरी, म्हणजे स्वयंपाकासाठीचा माचा चालतो.

पान अख्खं पोटात जातं म्हणून कॅफिनही चांगलंच असतं, मी संध्याकाळी घेत नाही, रिकाम्या पोटीपण नाही, मळमळतं. लोह कमी असेल तर जेवणासोबत नको, चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

डबीबद्दल दोन तक्रारी आहेत, आतली पिशवी परत बंद होत नाही, क्लिप लावावी लागते, आणि तोडणीचं वर्ष कुठेच नाही, फक्त बेस्ट बिफोर. उघडल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्येच ठेवली आणि रोज एक वाटी केली तरी शेवटी शेवटी वास जरा मंद झाला होता, रंग तसाच होता. परत घेणार, पण ३० ग्रॅमचीच.