कॉलेजच्या पोरांचा सर्वे, नऊ दिवस मुक्काम: पाचपैकी साडेतीन स्टार

गेल्या महिन्याभरात आजूबाजूच्या तीन गावांतून फोन आले, कॉलेजची पोरं अभ्यासाला येऊ का म्हणताहेत, तुमच्याकडे राहून गेलीत ना, कशी आहेत? प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. लोक शेवभाजीचा रिव्ह्यू टाकतात, कांद्याच्या बियाण्याचा टाकतात, मग सर्वेचा का नाही, आपलाही वेळ जातोच की त्यात आणि चहासाखर वेगळी.

गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. सर्वे आम्हाला नवा नाही. शौचालयाचा झाला, घरकुलाचा झाला, कांदाचाळीचा झाला, कसला कसला झाला. फॉर्म भरून घेतात, आधार नंबर लिहितात, जीपमध्ये बसतात, आणि मग ते लोक आणि पांझरेचं पाणी सारखंच, एकदा खाली गेलं की वर येत नाही. त्यात आपल्या तालुक्यात अभ्यास म्हटलं की सगळ्या गाड्या बारीपाड्याला वळतात. बरोबरच आहे म्हणा, चैत्राम पवार आणि गावाने मिळून जंगल राखलं, २०२५ ला पद्मश्री मिळाली, बघण्यासारखंच आहे ते. पण त्यामुळे आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही असं आम्हीच धरून बसलो होतो.

तर एप्रिलमध्ये सात पोरं-पोरी आणि एक मॅडम आल्या. शाळेच्या खोलीत राहिले, किराणा स्वतःचा आणला, ह्याला अर्धा स्टार इथेच दिला मी. म्हणे आम्हाला तुमची फड पद्धत बघायचीय. मी म्हटलं कुठला फड, तमाशाचा?

आमच्या पिढीला खरंच धड माहीत नव्हतं हो. नाना सांगायचे पण आपण मोबाईलमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फड पद्धत म्हणजे नदीत दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाच्या चाऱ्या, सगळं उतारावर, ना मोटर ना लाईट, उरलेलं पाणी सांडव्यातून परत नदीत. पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा ह्या फडात ऊस तर पुढे दुसऱ्या फडात. नदीला पाणी कमी असलं तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं की यंदा एवढेच फड भिजतील. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मजुरी धान्यात. तीनशे वर्षांपासून चालत आलंय म्हणतात, पांझरा, मोसम, आरम तिन्ही नद्यांवर होतं. मग वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाइपात, पाटाची साफसफाई करायला जाणार कोण.

पोरांनी चांगलं काय केलं तर पहिले दोन दिवस कागद काढलाच नाही. सकाळी सहाला म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवारफेरी, पाट जिथून जायचा तिथून चालत चालत, मोबाईलवर जीपीएस चालू. अर्धा पाट आता लोकांच्या बांधात गेलाय, एका ठिकाणी तर वर घर आहे. (कोणाचं ते लिहीत नाही, तो माझा चुलतभाऊ आहे.) संध्याकाळी मारुतीच्या पारापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढला, आणि खरं सांगतो, आमच्या बायकांनी पोरांच्या हातातून रांगोळी काढून घेतली, हाई आठे नही, तथा शे (हे इथे नाही, तिकडे आहे), असं चाललेलं. माणसं बघत बसली. कुठल्या विहिरीचं पाणी कधी तुटतं हे माणसांपेक्षा बायकांना जास्त पाठ, हंडा त्यांच्या डोक्यावर होता ना.

आता तक्रारी.

तिसऱ्या दिवशी फॉर्म काढला आणि सगळी मजा गेली. बावीस पानं! पहिला प्रश्न महिन्याचं उत्पन्न किती. अरे कांदावाल्याला महिन्याचं विचारता? सहा महिने चाळीत पडून असतो, मग एक दिवस ट्रॅक्टर मार्केटला जातो आणि त्या दिवशी कळतं उत्पन्न आहे की कर्ज. बरं वर्षाचं विचारायचं तर जानेवारी ते डिसेंबर. आपलं वर्ष आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी असतं, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचं, साल आखाजीलाच ठरतं, हिशोब तेव्हाच होतो, हे खान्देशातल्या कॉलेजला माहीत नसेल तर कोणाला असणार. मी हे बोललो तर त्यातल्या एका पोराने कपाळावर हात मारला, म्हणे माझे बाबा स्वतः सालदार होते, माझ्या लक्षात कसं नाही आलं. त्याला मी काही बोललो नाही मग.

दुसरं ते समाधानाचे पाच खाने. गावातल्या पाणीव्यवस्थेबद्दल तुम्ही पूर्णपणे समाधानी, काही प्रमाणात समाधानी, असं करत करत पूर्णपणे असमाधानी. आमच्या मोठी मायला विचारलं, ती म्हणे, "देवनी किरपा शे." पोरगी पेन धरून बसली, हे कुठल्या खान्यात टाकू. दोनदा विचारलं, मोठी माय म्हणे, "बठ पोरी, च्या पी."

तिसरं अंगठा. संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि खाली सही किंवा अंगठा. आता तुम्हीच सांगा, अनोळखी माणूस कागद पुढे करतो, पाणी-जमीन असं काहीतरी लिहिलंय आणि अंगठा मागतो, कोण देईल. दोन गल्ल्यांनी दारं लावून घेतली. मॅडमला कळल्यावर त्यांनी अंगठा बंद केला, तोंडी हो चालेल म्हणाल्या, नाही म्हटलं तरी चालेल म्हणाल्या. हे आधीच करायचं ना. पाऊण स्टार कट.

जेवणाचं वेगळं लिहायला पाहिजे. पुण्याच्या दोन पोरी होत्या, कळण्याची भाकर आणि ठेचा पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला, पाचव्या दिवशी स्वतः मागून घेत होत्या. भाकरी मात्र कोणालाच थापता येत नव्हती, धुळ्याच्या पोरालाही नाही.

त्यांचं नशीब की मुक्कामात आखाजी आली. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, आणि ज्या गोष्टी बावीस पानांत आल्या नाहीत त्या झोक्याखाली आल्या. पन्नाशी-साठीच्या बाया, लहानपणी पाटावर धुणं धुतलेल्या, कोणाचा बाप पाटकरी होता, धान्य कोण पूर्ण द्यायचं आणि कोण खळ्यातून पळ काढायचं, सगळं घराच्या नावासकट. पोरींनी फॉर्म पिशवीत टाकला आणि नुसतं ऐकत बसल्या. नावं कुठे लिहिणार नाही असं कबूल केलं आणि अजून तरी पाळलंय.

आमच्या घरी नानांची जुनी वही होती, पाटपाण्याची, कोणाला किती बाऱ्या त्याची. घरातून बाहेर नेऊ देणार नाही म्हटलं. त्यांनी वाद नाही घातला, ओट्यावर बसून एकेक पानाचा फोटो काढला, पेनड्राइव्हवर एक कॉपी मला दिली. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं, तिथे जुने कागद कसे जपतात ते एका पोराने पाहिलेलं, त्याने वही सुती फडक्यात बांधून ठेवायला सांगितली. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचो, आत घाम सुटून पानं चिकटायला लागली होती.

जाताना म्हणाले ऑक्टोबरला परत येऊ. आम्ही हो हो म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

आले की हो. ह्या एकाच गोष्टीला मी दीड स्टार दिलाय. उन्हाळ्यात ज्या विहिरींची पाणीपातळी मोजली त्यांचीच परत मोजली (भूजल खातंही त्यांच्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशा मोजतं, त्याच धर्तीवर), आणि मग रात्री पारावर पडदा लावून सगळं वाचून दाखवलं. नकाशात एक चारी उलटी काढलेली होती, आबा उठले, म्हणे पाणी काय डोंगरावर चढे का? पोरांनी तिथल्या तिथे लाल पेनाने दुरुस्त केलं, तोंड वाकडं नाही केलं. जुन्या पाटाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी जास्त टिकलेलं दिसतंय असं त्यांनी सांगितलं, झालं, लगेच सरपंच म्हणे मग लिहून द्या, पाट दुरुस्तीला निधी मागू. तर ती पुण्याची पोरगी म्हणे एका वर्षाच्या मोजणीवर असं ठाम लिहिता येणार नाही दादा, निदान अजून दोन-तीन वर्षं मोजावं लागेल. सरपंच नाराज झाले. मला मात्र तिचं बोलणं पटलं, नाहीतर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या चहातच सगळं ठाम सांगतो.

तर ज्यांनी फोन केले त्यांना एवढंच, येऊ द्या, पण फॉर्म आधी मागून वाचा आणि आठ पानांच्या वर असेल तर परत पाठवा. परत कधी येणार ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर बोलून घ्या. आता नव्या शिक्षण धोरणात पोरांना फिल्ड प्रोजेक्टचे आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट असतात, म्हणजे हे येतच राहणार आहेत, दार लावून उपयोग नाही.

आणि त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर तुमचा तीस मीटरचा टेप आमच्या ओट्यावर राहिलाय. घाई नाही, मी दर पंधरा दिवसांनी त्यानेच आमची आणि शेजारच्या दोन विहिरी मोजतोय, नानांच्या वहीची मागची पानं कोरी होती.