पाट्या तीन, दुकान एक: आठ महिने वेब ॲप वापरल्यानंतर

ज्या कामासाठी वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारे आणि हवे तर होम स्क्रीनवर जोडता येणारे संकेतस्थळ, उपलब्ध आहे, त्या कामाचे ॲप स्टोअरमधून घेतलेले ॲप काढून टाकायचे, असे मी आठ महिन्यांपूर्वी ठरवले. टिपणे, हिशेब, बातम्या, टायमर अशी रोजची कामे त्यात आली. माझ्याजवळ एक आयफोन आणि एक अँड्रॉइड फोन असल्यामुळे तेच वेब ॲप दोन्हींवर शेजारी ठेवून पाहता आले. या अनुभवात ॲपांपेक्षा ब्राउझरच्या इंजिनाबद्दलच (संकेतस्थळाचे पान पडद्यावर उभे करणाऱ्या त्याच्या आतल्या भागाबद्दल) अधिक लिहिले गेले आहे, कारण बहुतेक अडचणींचे मूळ शोधत गेल्यावर मी तिथेच पोहोचलो.

टायमरपासून सुरुवात करतो. वेळ संपताच हे वेब ॲप फोन थरथरवते आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ते बिनबोभाट चालते. आयफोनवर सफारीमध्ये फोन हलला नाही, म्हणून तेच पान क्रोममध्ये उघडले, मग फायरफॉक्समध्ये. तिन्हीकडे पडद्यावर आकडा शून्यावर आला आणि फोन हातात शांत राहिला. कारण साधे आहे. कंपनाची ही सोय वेबकिट या ॲपलच्या इंजिनात नाही, आणि आयफोनवरचे प्रत्येक ब्राउझर, काही मोजके प्रदेश वगळता, वेबकिटच वापरते, कारण ॲपलच्या ॲप स्टोअरचा नियमच तसा आहे. क्रोम आयफोनवर २०१२ साली आले आणि गूगलने वेबकिटपासून फुटून ब्लिंक हे स्वतःचे इंजिन २०१३ मध्ये सुरू केले, तरी आयफोनवरच्या क्रोममध्ये ब्लिंक आले नाही. पाट्या तीन, दुकान एक.

वेब ॲप फोनवर बसवण्याच्या पद्धतीतला फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. अँड्रॉइडवर क्रोम स्वतःहून इन्स्टॉलचा पर्याय पुढे करते आणि बसवलेले वेब ॲप सेटिंग्जमध्येही इतर ॲपांच्या रांगेत दिसते. आयफोनवर संकेतस्थळाला असे बटण दाखवता येत नाही. शेअरचे चिन्ह दाबून, यादी खाली सरकवून, होम स्क्रीनवर जोडण्याचा पर्याय आपणच शोधावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने वेब ॲप नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. नोटिफिकेशनचेही तसेच: आयफोनवर ती मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ सोबत आली, तीही केवळ होम स्क्रीनवर जोडलेल्या वेब ॲपांसाठी.

सर्वांत महागात पडलेला धडा टिपणांचा. एक टिपणांचे वेब ॲप मी आयफोनवर होम स्क्रीनवर न जोडता, नुसत्या टॅबमध्ये वापरून पाहत होतो. मधे दोन आठवडे ते उघडलेच नाही. नंतर पाहतो तो पान कोरे, जणू मी तिथे पहिल्यांदाच आलो होतो. वेबकिटचा २०२० पासूनचा जाहीर नियम असा आहे की, सफारीच्या वापराचे ७ दिवस एखाद्या संकेतस्थळाला हातही लागला नाही, तर त्याने स्क्रिप्टच्या, म्हणजे पानातल्या प्रोग्रामच्या, साहाय्याने साठवलेला मजकूर पुसला जातो. होम स्क्रीनवरच्या वेब ॲपचे दिवस मात्र स्वतंत्रपणे, त्याच्या स्वतःच्या वापरावरून मोजले जातात. माग काढणाऱ्यांना आळा घालण्याचा हेतू मला पटतो. माझा राग आहे तो त्या ॲपच्या निर्मात्यावर, कारण सगळा मजकूर केवळ ब्राउझरमध्ये ठेवूनही त्याने कुठे सावधगिरीची एक ओळ लिहिली नव्हती. (थोडा राग स्वतःवरही आहे, निर्यातीचे बटण समोरच होते.)

अँड्रॉइडवर इंजिनाची निवड खरोखरच असते, म्हणून तिथे तीन महिने फायरफॉक्स हेच मुख्य ब्राउझर ठेवले. गेको हे त्याचे स्वतःचे इंजिन आहे आणि जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनसारखी ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायची छोटी साधने) फोनवरही चालतात. आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये ती सोय नाही. तरीही एका हिशेबाच्या वेब ॲपने दारातच अडवले आणि ‘आपला ब्राउझर समर्थित नाही’ असे सांगितले. ब्राउझरची ओळख बदलणारे ॲड-ऑन लावून स्वतःला क्रोम म्हणवून घेताच तेच ॲप मुकाट्याने उघडले आणि आजतागायत नीट चालते आहे. इंजिनात उणीव नव्हती. कोणी चाचणीच घेतली नव्हती. ऑपेराने २०१३ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये जाहीर करून आपापली इंजिने सोडली आणि क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या मुक्त-स्रोत पायाचा (ज्यात ब्लिंकच असते), आधार घेतला, त्यामागची ओढाताण मला या एका पाटीमुळे कळली. म्हणूनच आयफोनचे दार उघडले की स्पर्धा आपोआप येईल, असे मला वाटत नाही. ब्लिंकच सगळीकडे पसरण्याची भीती रास्त आहे. मात्र त्या भीतीपोटी दार बंद ठेवणे हा उपाय मला मान्य नाही, कारण बंद दाराआड गेकोलाही जागा मिळत नाही.

युरोपीय संघात डिजिटल बाजारपेठ कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर इतर इंजिनांना परवानगी आहे. त्याआधी फेब्रुवारीत ॲपलने तिथली होम स्क्रीनवरची वेब ॲपे बंद करण्याचे ठरवले होते आणि टीकेनंतर १ मार्चला तो निर्णय मागे घेतला. सुरुवातीच्या अटींनुसार नव्या इंजिनासाठी वेगळे ॲप काढावे लागत होते, म्हणजे एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या सांभाळायच्या. पुढच्या वर्षभरात एकाही प्रमुख ब्राउझरने स्वतःचे इंजिन तिथे आणले नाही, यात मला नवल वाटत नाही. जपानमध्येही यासंबंधीचा कायदा १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला आहे.

सध्या बातम्या आणि हिशेब दोन्ही फोनांवर वेब ॲपमध्येच आहेत, टायमर फक्त अँड्रॉइडवर आहे. टिपणांसाठी दुसरे, सर्व्हरवर मजकूर जपणारे वेब ॲप घेतले असून ते आयफोनवर पहिल्याच दिवशी होम स्क्रीनवर जोडले. तरीही दर रविवारी निर्यातीचे बटण दाबतो.