दोष बिजागरीचा, बदलले कुलूप

आमच्या मुख्य दाराची किल्ली काही आठवडे जड फिरत होती. दार खांद्याने थोडे रेटले की ती फिरे, म्हणून दुरुस्ती करून घेण्याऐवजी मी रेटण्याचीच सवय लावून घेतली आणि वर कुलपाच्या भोकात घरातले तेलही सोडले. ही चूक आधीच कबूल करतो, कारण जाहिरातीतल्या क्रमांकावरून बोलावलेल्या माणसाने पुढे नेमका तिचाच फायदा उठवला. किल्लीवरचा काळा चिकटा बोटावर घेऊन त्याने तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, ''साहेब, आतल्या पिना गेल्या. एखाद्या रात्री बाहेरच अडकाल.''

पिना मुळीच गेल्या नव्हत्या. तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि बारीक स्प्रिंगांवर खालीवर होणाऱ्या पिना मंदावतात. सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली जाते तो भाग, साफ करून त्यात ग्राफाइटची थोडी कोरडी पूड सोडली असती, तर तेवढे काम भागले असते. मूळ दुखणे तर कुलपात नव्हतेच. दार सताड उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहायची, ही मिनिटभराची परीक्षा मला तेव्हा ठाऊक नव्हती. उघड्या दारात किल्ली सहज फिरत असेल आणि बंद दारात अडत असेल, तर कुलूप बहुधा ठीक असते. बिजागरीचे स्क्रू ढिले पडून दार खाली बसलेले असते किंवा दमट हवेने लाकूड फुगलेले असते, आणि त्यामुळे कुलपाचा बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, तिथल्या पट्टीवर घासत असतो. आमच्याकडे वरची बिजागरी ढिली होती. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलेही नाही.

त्याने थेट ड्रिल लावले. किल्ली चालत असेल, तर आमच्याकडे होते तशा प्रकारचे सिलिंडर दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढून आणि किल्ली किंचित फिरवून सरळ बाहेर ओढता येते. किल्ली हरवली किंवा सिलिंडर पुरते अडकले आणि दुसरा कोणताही उपाय चालला नाही, तरच भोक पाडायचे असते. मात्र एकदा भोक पडले की गिऱ्हाईक पुरते हातात सापडते. दार उघडे टाकून तो कुठे जाणार? त्या माणसाच्या पिशवीत जे असेल, ते तो सांगेल त्या दामाला घेण्यावाचून माझ्यापुढे पर्याय उरला नाही.

नवे सिलिंडर दाराच्या पट्टीबाहेर इतके आले होते की जाता-येता सदऱ्याची बाही त्यात अडके. ते साधारण ३ मिलिमीटरहून अधिक बाहेर राहता कामा नये, कारण बाहेर आलेला भाग पकडीत धरून पिळला की स्क्रूच्या भोकापाशी, जिथे धातू सर्वांत कमी असतो, तिथे ते मोडते. ''विमा कंपन्यांना हेच कुलूप चालते,'' एवढी ग्वाही देऊन आणि जुने तुकडे स्वतःच्या पिशवीत टाकून तो निघून गेला. पावतीवर 'कुलूप काम' हे दोन शब्द आणि एक वेडीवाकडी सही होती. किल्ल्या तीन मिळाल्या, त्याही उघड्या पिशवीतून.

पाच महिन्यांनी बाहेरगावाहून परतलो, तेव्हा सिलिंडरचा अर्धा तुकडा पायपुसण्यावर पडला होता.

विम्याच्या सर्वेक्षकाने तो तुकडा आधी जपून ठेवायला सांगितला. घरफोडीच्या दाव्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण अनेक पॉलिसींना लागते, आणि ती तेवढी आमच्याकडे होती. अडचण पुढच्या प्रश्नांत आली. प्रस्ताव अर्जात मी जुन्या कुलपाचा प्रकार लिहिला होता, मग ते बदलल्याचे का कळवले नाही? नवे त्याच दर्जाचे असल्याचा पुरावा कोणता? एकूण किल्ल्या किती आणि त्या कोणाकडे आहेत? यांपैकी एकाचेही उत्तर ती पावती देऊ शकत नव्हती. बराच पत्रव्यवहार होऊन दावा अखेर मंजूर झाला, पण कपात करून. माझा राग कंपनीपेक्षा स्वतःवरच अधिक आहे, कारण अर्ज मीच भरला होता आणि कुलूप बदलताना त्याची आठवणही मला झाली नाही.

नंतर ओळखीतून आलेल्या कारागिराने सर्वांत आधी दार उघडे धरून बोल्ट आत-बाहेर करून पाहिला, मग बिजागरीला चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू बसवले, आणि कुलपाला हात लावला तो त्यानंतरच. काढलेले सगळे सामान त्याने न मागता माझ्यापुढे ठेवले व बिलावर कुलपाचे नाव, मॉडेल आणि किल्ल्यांची संख्या लिहिली. त्या बिलाची प्रत मी त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवून पोच घेतली. पहिल्या माणसाचा क्रमांक आता लागत नाही, पण त्याच मजकुराची जाहिरात गेल्या आठवड्यात वेगळ्या क्रमांकासह मला पुन्हा दिसली.