दहा दांड्यांपैकी कामाची एकच: जुन्या ग्राफिक इक्वलायझरचे सहा महिने

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी हा ग्राफिक इक्वलायझर उचलला, म्हणजे खर्जापासून बारीक आवाजापर्यंतची एकेक पट्टी आपापल्या दांडीने कमी-जास्त करायचं यंत्र. दहा पट्ट्यांचा, जपानी, पुढचा पत्रा ॲल्युमिनियमचा, दांड्यांची टोकं जागेवर. विक्रेता साडेचार हजारांवर अडून बसला होता, शेवटी ३,२०० ला तुटलं. "ताई, घरी न्या, पिन लावा, वाजवा!" नशीब, मागची चिकटपट्टी मी तिथेच नखाने खरवडली. खाली लिहिलेलं: १०० व्होल्ट. आपल्या घरात येतात २३०. त्याचं ऐकून पिन लावली असती तर साताऱ्यात घरी नुसता धूर ऐकला असता. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला माल असाच असतो, तेव्हा पाठ वाचल्याशिवाय पैसे काढू नका. २३० चे १०० करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचे ९०० वेगळे धरा.

जोडणी सोपी आहे. माझ्या ॲम्प्लिफायरला 'टेप मॉनिटर' आहे, म्हणजे आवाज बाहेरच्या यंत्रातून फिरवून परत आणायची सोय. त्याच्या आउटमधून इक्वलायझरमध्ये आणि तिथून परत इनमध्ये. बटण दाबलं की इक्वलायझर मध्ये येतो, सोडलं की बाजूला. हे बटण फार मोलाचं, कारण आपण काय बिघडवलंय ते लगेच कळतं. नव्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना ही सोय नसते, घेण्याआधी तपासा. पहिले दोन दिवस डावीकडच्या दांड्या सरकवल्या की खरखर यायची. काँटॅक्ट क्लीनर फवारून प्रत्येक दांडी वीस-तीस वेळा खालीवर केली, गेली.

आता हा घेतला कशासाठी ते सांगते. मी आठ वर्षं तबला शिकले. हात सुटला, कान राहिला. गुरुजींच्या शिकवणीच्या कॅसेटी अजून आहेत माझ्याकडे. त्यात डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या वाद्यावर, मनगट सरकवून काढलेली घसीट आली की माझ्या खोलीत ती मध्येच एका जागी फुगायची, म्हणजे शांत बोलणारा माणूस एकाच शब्दावर ओरडावा तशी. कॅसेटीत ते नाही. हेडफोनवर घसीट सरळ जाते. मग दोष कुणाचा?

भाच्याने लॅपटॉपवरून एकेक सूर सोडत नेला, ४० हर्ट्झपासून वर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका सूर उंच). ५६ च्या आसपास मांडणीवरची स्टीलची फुलपात्रं थरथरायला लागली. "मावशी, ही तुझी खोली वाजतेय, स्पीकर नाही," म्हणाला. हिशेब साधा आहे. खोली १० बाय १२, स्लॅबही १० फुटांवर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी मावते, तो सूर खोली स्वतःच मोठा करते. १० फुटांसाठी तो येतो सुमारे ५६ हर्ट्झ, १२ फुटांसाठी ४७. माझी रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून ५६ वर दोघींची गाठ पडते. आपल्याकडे १० बाय १२ ची खोली कुणाकडे नाही!

यावर उपाय म्हणून ५६ च्या सर्वांत जवळची, ६३ हर्ट्झची दांडी. सहा डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) खाली ओढली तर फुगवटा गेला, पण डग्गाही पत्र्याच्या डब्यासारखा झाला. कारण ही दांडी एकट्या ५६ ला धरत नाही, साधारण ४५ ते ९० पर्यंतचं सगळंच ओढते. अख्ख्या सप्तकाला एक दांडी, तिच्याकडून सुईचं काम कसं होणार? आता ती उणे चारवर आहे. त्याहून जास्त फरक मात्र खुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे घेतल्यावर पडला, आणि त्याला पैसे पडले नाहीत.

बाकीच्या दांड्या? ८ हजारची खाली घेतली की कॅसेटची सूंsss कमी होते, पण चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावर वाजणारा, 'ना' बोथट होतो. मला सूंsss चालते. १६ हजारची वर नेली तर माझ्या कॅसेटींत वाढतं ते फक्त तेच. रात्री आवाज बारीक ठेवला की आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, तेव्हा १२५ ची दोन डेसिबल वर नेते. तेवढंच. वर ढकलण्याचा मोह आवरा: सहा डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्टीत ॲम्प्लिफायरकडून चौपट ताकद मागणं. माझा तीस वॉटचा आहे, बिचारा. आणि खोलीत जिथे एखादा सूर लाटांच्या भांडणात विरून जातो, तिथे दांडी कितीही चढवा, तो भरून निघत नाही.

घ्यावा का? गाणं लॅपटॉपवरूनच ऐकत असाल तर नको. भाच्याने 'इक्वलायझर एपीओ' नावाचं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं, फुकट आहे. त्यात पट्टीची रुंदी आपण ठरवतो, तेवढं ५६ चिमटीत धरून खाली आणता येतं. माझ्या ३,२०० च्या यंत्राला ते सात जन्मांत जमणार नाही. पण माझ्या कॅसेटी लॅपटॉपमधून जात नाहीत, आणि डेकसमोर बसून हाताने दांडी सरकवायची सवय मला सोडायची नाही.

फक्त भाऊजी आले की पंचाईत. चहा येईपर्यंत दोन्ही टोकांच्या दांड्या वर, मधल्या खाली, असा हसरा चेहरा करून ठेवतात आणि म्हणतात, "आता कसं, खुललं की नाही?" मी हो म्हणते आणि मॉनिटरचं बटण सोडून देते. त्यांना अजून कळलेलं नाही.