स्टार्टरमधलं तांबं-पितळ: कथील, निकेल की नुसतं ग्रीस?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पंपाच्या स्टार्टरचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीतला, पितळी नट उभा चिरलेला निघाला. पेटी गोठ्याच्या भिंतीला होती. जनावरांच्या मुतातून उठणारा अमोनिया पितळेला काळं तर करतोच, पण आवळून ताणलेलं पितळ चक्क तडकवतो. परभणीकडे बऱ्याच शेतांत पेटी अशीच गोठ्याला ठोकलेली दिसते. ती आधी हलवा. अशा जागी कोणताही मुलामा फार काळ तग धरत नाही.

पंपाच्या लगला (तारेच्या टोकाची तांब्याची कडी) आणि बसबारला (पेटीतली वीज वाहणारी जाड पट्टी) मी कथिलाचा मुलामाच निवडेन. भांड्याच्या कल्हईतलं कथील ते हेच. मऊ असल्यानं आवळलं की दबून पसरतं आणि हवेला फट राहत नाही. निकेलच्या मुलाम्यापेक्षा हा स्वस्तही पडतो. मात्र कथील 232 अंशांना वितळतं, आणि थरथरणाऱ्या सैल जोडात घासून त्याची काळी भुकटी होते. घरी कल्हई करून लगला मुलामा द्यायचा विचार असेल, तर नवसागर वापरू नका. तो मागे राहिला की धातू खातो.

निकेल कठीण, उष्णतेला दणकट. हीटर, भट्टीच्या जोडण्यांना तेच हवं. पण कठीण असल्यानं ते दबत नाही, म्हणून जोडात विजेला रोध (अडथळा) जास्त राहतो. शेतातल्या मोटरला त्याची गरज नाही.

काँटॅक्टरच्या, म्हणजे स्टार्टरमधल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, टिकल्यांवर चांदी असते. गोबरगॅसजवळ ती गंधकानं काळवंडते, तरी पॉलिश पेपर मारू नका; काळेपणासोबत चांदीही जाते.

वॉर्निश वीज अडवतं, म्हणून जोड पक्का आवळल्यावर फक्त बाहेरून. ग्रीस त्याहून सोयीचं, कधीही पुसून पुन्हा लावता येतं. पण विजेच्या जोडांसाठीचंच घ्या. मे महिन्यात इकडे पारा 42-43 वर जातो, बंद लोखंडी पेटीत त्याहूनही वर. तिथं व्हॅसलीन पातळ होऊन ओघळतं आणि धूळ धरतं.

चिंच-मीठ देवाच्या तांब्याला ठीक. टर्मिनलच्या (तार जोडायच्या स्क्रूच्या) आट्यांत मीठ अडकलं की ते ओल ओढतं आणि आठवड्यात हिरवं येतं.

आमच्या नव्या पेटीत कथिलाचा मुलामा दिलेले लग आहेत, वरून ग्रीसचा पातळ हात. दिवाळीनंतर, रब्बीचं पाणी सुरू करण्याआधी, मेन बंद करून सगळे नट एकदा आवळून घेतो.